आमदारांच्या प्रवासाचे बिल कोणी भरावे?

लोकप्रतिनिधींच्या भत्त्यांचा विषय निघाला की आपल्याकडे वाद सुरू होण्याआधीच संपलेला असतो. धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठेही जा. एक बाजू म्हणते, ‘यांना आणखी पैसे कशाला? कमी का कमावतात?’ दुसरी बाजू, ती बहुधा कार्यकर्त्यांची, म्हणते, ‘डिझेल केवढ्याला झाले ते बघा, साहेबांची गाडी दिवसभर थांबत नाही.’ दोन्ही बाजू एकाच आकड्याभोवती भांडतात: भत्ता वाढवायचा की नाही. मुळात नियम काय आहे, तो कोणत्या काळातल्या आमदारासाठी केला होता आणि आज तो कोणाच्या सोयीचा उरला आहे, हे कोणी विचारत नाही. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. आमदारांच्या प्रवासखर्चाचे नियम बदलले पाहिजेत आणि लवकर बदलले पाहिजेत. पण ठोक रकमा वाढवून नव्हे, तर ठोक रकमांची पद्धतच मोडून. लोकांच्या कामासाठी जो प्रवास झाला त्याचा खरा खर्च सरकारने पूर्णपणे द्यावा, जो झाला नाही त्याचा एक रुपयाही देऊ नये, आणि कोणता झाला व कोणता झाला नाही हे मतदाराला आपल्या तालुक्याच्या गावी वाचता यावे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९५ ने विधिमंडळ सदस्यांचे वेतन व भत्ते कायद्याने ठरवण्याचा अधिकार विधिमंडळालाच दिला आहे आणि आपल्या राज्यातील या विषयावरचा मूळ कायदा १९५६ चा आहे. त्या काळी आमदार म्हटले की जो माणूस डोळ्यांसमोर होता तो असा: अधिवेशन आले की गावाहून निघायचे, मोटारीने नाहीतर रेल्वेने मुंबई गाठायची, सभागृहात बसायचे, अधिवेशन संपले की परतायचे. म्हणून राहत्या ठिकाणापासून बैठकीपर्यंतचे अंतर आणि हजेरीचे दिवस या दोन खांबांवर भत्त्यांची रचना उभी राहिली. एसटीच्या गाडीत आमदारांसाठी राखून ठेवलेले आसन आजही दिसते. ते त्याच काळाचे चिन्ह आहे, आणि आमदार खरोखर एसटीने फिरत असत तेव्हा त्या आसनाला अर्थ होता. पुढे काळ बदलला तसतसे मूळ रचनेला हात न लावता तिच्याशेजारी ठोक रकमा जोडल्या गेल्या. मतदारसंघात आमदार प्रत्यक्ष किती फिरला, कोणत्या गावी गेला, कशाने गेला, हे विचारून पैसे देणारी व्यवस्था मात्र कधी उभी राहिली नाही. ते सारे पगारात आणि ठोक भत्त्यांत गृहीत धरले गेले, आणि सगळ्यांसाठी सारखेच गृहीत धरले गेले.

या सारखेपणाचा अर्थ मुंबईत बसून कळत नाही. तो खान्देशात कळतो. तीन जिल्ह्यांत मिळून विधानसभेचे वीस मतदारसंघ आहेत. त्यांतले अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर आणि चोपडा हे सात अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि सातपुड्याचा बराचसा डोंगरपट्टा त्यांच्यातच येतो. धुळे शहराचा आमदार सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणापर्यंत मतदारसंघाच्या दोन्ही टोकांना जाऊन घरी परत येऊ शकतो. अक्कलकुव्याच्या आमदाराला मोलगीला जायचे तर देवगोईचा घाट चढावा लागतो, तळोद्याकडून धडगावला जायचे तर चांदसैलीचा घाट, जो पावसाळ्यात दरड कोसळली की बंद होतो. आणि नर्मदेच्या काठावरच्या पाड्यांवर जायचे तर सरदार सरोवराच्या पाण्यातून बोटीनेच जावे लागते. धारावीचा आमदार आणि अक्कलकुव्याचा आमदार यांना ठोक रकमा मात्र एकच. नाशिक विभागाच्या शिक्षक किंवा पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेलेल्या सदस्याचे क्षेत्र तर नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे पाच जिल्ह्यांचे, त्यालाही तेवढेच. मग होते काय? जो पाडा जितका लांब तितका तिथे जाण्याचा खर्च मोठा, आणि तिथली मते तितकीच थोडी. ठोक रकमेचा नियम आमदाराला काही न बोलता एवढेच सांगतो, की तालुक्याच्या गावी बस, लोक तुझ्याकडे येतील. फिरलास तर तुझ्याच खिशातून जाईल. साक्री-शिंदखेड्याकडच्या गावांत ‘मतं मांगाले उना व्हता, मंग काय उनाच नही’ (मते मागायला आला होता, नंतर काही आलाच नाही) ही तक्रार ऐकली नसेल असा माणूस विरळा. ती आपण त्या त्या माणसाच्या स्वभावावर ढकलतो. स्वभाव असेलही, पण जो न फिरण्यासाठी आणि फिरण्यासाठी सारखेच पैसे देतो, त्या नियमाकडे आपण कधी बोट दाखवणार?

आता विरोधकांचे म्हणणे. त्यातला पहिला मुद्दा भक्कम आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचा अभ्यास करणाऱ्या ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ या संस्थेच्या विश्लेषणानुसार महाराष्ट्राच्या २०१९ आणि २०२४ या दोन्ही विधानसभांतील ९० टक्क्यांहून अधिक आमदार कोट्यधीश आहेत. ज्याच्या दारात चार गाड्या उभ्या आहेत त्याला डिझेलचे पैसे गरीब करदात्याने का द्यावेत, या प्रश्नात राग आहे आणि तो रास्त आहे. परंतु या आकड्याची दुसरी बाजू बघितली पाहिजे. कोट्यधीश निवडून येतात म्हणून भत्त्यांची गरज नाही, की फिरण्याचा खर्च स्वतः सोसू शकणाराच या कामात टिकतो म्हणून कोट्यधीश निवडून येतात? खान्देशातल्या एखाद्या आश्रमशाळेतला शिक्षक, एखादी अंगणवाडी सेविका, शेतमजुरांच्या संघटनेचा एखादा कार्यकर्ता उद्या आमदार झाला, तर पहिल्या सहा महिन्यांत त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर फिरणे कमी करायचे, नाहीतर दुसऱ्याच्या गाडीत बसायचे. दुसऱ्याची गाडी म्हणजे कोणाची, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असते: रस्त्याच्या ठेकेदाराची, वाळूच्या ठेकेदाराची, जमिनीचे व्यवहार करणाऱ्याची. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी हे मग ओघाने आलेच.

इंग्लंडमध्ये हा अनुभव शंभर वर्षांपूर्वी येऊन गेला आहे. तिथल्या चार्टिस्ट चळवळीने १८३८ च्या सनदेत संसद सदस्यांना वेतन मिळावे ही मागणी केली होती, कारण वेतनाशिवाय कामगाराला संसदेत बसणे शक्यच नव्हते. सात दशके ती मागणी मान्य झाली नाही. तोवर मजूर पक्षाच्या सदस्यांचा खर्च कामगार संघटना चालवत. १९०९ मध्ये रेल्वे कामगारांच्या संघटनेविरुद्धच्या ऑस्बोर्न खटल्यात संघटनांना असा पैसा वापरण्यास मनाई झाली आणि ते सदस्य एकदम उघड्यावर पडले. १९११ मध्ये सदस्यांना वर्षाला ४०० पौंड देण्याची व्यवस्था झाली ती या पार्श्वभूमीवर. प्रतिनिधीचा खर्च कोणी ना कोणी देतोच. लोकांनी दिला नाही तर दुसरे कोणी देते, आणि मग प्रतिनिधी त्या दुसऱ्याचा होतो. कामगार संघटनेने दिला तर निदान तो उघडपणे दिलेला होता. ठेकेदाराने भरलेल्या डिझेलची पावती कुठेच लागत नाही.

दुसरा आक्षेप साधेपणाचा आहे, आणि खान्देशाला त्याचे वजन विशेष जाणवावे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नेत्यांनी लोकांकडे यावे, हा त्यामागचा विचार होता. दुसऱ्याच वर्षी प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झाले, आणि १९३१ च्या कराची ठरावातील मर्यादेला धरून मंत्र्यांनी महिना ५०० रुपये वेतन घेतले. आधीचे मंत्री याच्या कितीतरी पट घेत असत. ‘तो काळ कुठे आणि आजचे हे कुठे,’ असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. वेतनाच्या बाबतीत ते खरेच आहे. मात्र त्याच व्यवस्थेत घर आणि मोटार यांचा खर्च त्या पाचशेहून वेगळा धरला होता, हे बहुतेक जण विसरतात. वेतनात काटकसर करा, पण कामासाठी लागणारी वाहतूक हा कामाचा खर्च आहे, माणसाची मिळकत नव्हे, हा भेद त्या पिढीला नीट समजत होता. आपण तो पुसून टाकला आहे. आज वेतन, भत्ता, सवलत हे सगळे एका गाठोड्यात बांधून आपण त्याला ‘आमदारांचा पगार’ म्हणतो, आणि मग गाठोडे मोठे की लहान यावरच भांडत बसतो.

तिसरा आक्षेप असा, की आधीच सगळे फुकट आहे. एसटीचा प्रवास फुकट, रेल्वेची सवलत, राज्यात टोल माफ, मोटारीच्या कर्जावरील व्याजाचा भार सरकारवर, चालकाचे वेतन सरकारकडून. आणखी काय हवे? हे सगळे खरे आहे आणि म्हणूनच नवा नियम करताना यातली प्रत्येक बाब खर्चातून वजा झाली पाहिजे. टोल माफ असेल तर टोलचे पैसे मागता येणार नाहीत, चालक सरकारचा असेल तर किलोमीटरच्या दरात चालक धरता येणार नाही. मी तर पुढे जाऊन म्हणतो, की कालबाह्य नियम म्हणजे कमी पैसे देणारा नियम, ही समजूतच टाकून द्यावी. आमदारांना दूरध्वनीसाठी महिना ८,००० रुपये, टपाल व लेखनसामग्रीसाठी १०,००० आणि संगणकचालकासाठी १०,००० असे ठोक भत्ते मिळत आले आहेत. ट्रंक कॉल लावून तासभर थांबण्याच्या दिवसांत दूरध्वनीसाठी वेगळा आणि मोठा भत्ता ठेवणे शहाणपणाचे होते. आज धडगावचा मजूरसुद्धा काही शे रुपयांत महिनाभर बोलतो. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि बोलणे मात्र स्वस्त होत गेले. ठोक रकमेला यातले काहीच कळत नाही. नियम अद्ययावत करायचे तर काही रकमा वाढतील, काही कमी होतील आणि काही रद्द होतील. जो पक्ष फक्त वाढीची बाजू मांडतो, तो अद्ययावत करण्याचे नाव घेऊन दुसरेच काही मागतो आहे.

स्वतःचे भत्ते स्वतःच ठरवण्याचा जो आक्षेप आहे, तो मला सर्वांत गंभीर वाटतो. ऑगस्ट २०१६ मध्ये पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर झाले. मूळ वेतन प्रधान सचिवांच्या श्रेणीशी जोडले गेले, म्हणजे महागाई भत्त्याबरोबर ते आपोआप चढत जाते. वाढ योग्य होती की नव्हती हा वेगळा प्रश्न. पण शेतकऱ्यांच्या प्रश्नावर तासन्‌तास खडाजंगी करणाऱ्या सभागृहात त्या विषयावर कोणालाच काही बोलायचे नसावे, ही गोष्ट लोकांच्या मनातून जात नाही, आणि जाऊ नये. मात्र या अविश्वासातून ‘म्हणून काहीच बदलू नका’ हा निष्कर्ष निघत नाही. इंग्लंडचेच पुढचे प्रकरण पाहा. सदस्यांचे वेतन वाढवणे लोकांना रुचणार नाही म्हणून सरकारे अनेक वर्षे ते दाबून ठेवत गेली आणि त्याची भरपाई भत्त्यांतून करून घेण्याची मुभा मूकपणे दिली गेली. २००९ मध्ये ती बिले वर्तमानपत्रात छापून आली. बागेतल्या बदकांचे घर, वाड्याभोवतीच्या खंदकाची सफाई, असले खर्च जनतेच्या पैशातून मागितल्याचे उघड झाले, आणि सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले. त्यानंतर संसदेने आपल्या हातातला अधिकार काढून एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे दिला. आज तिथे सदस्याने मागितलेला खर्च ते प्राधिकरण तपासते आणि प्रसिद्ध करते. जुनाट नियम तसाच ठेवल्याने पैसा वाचत नाही, तो फक्त दिसेनासा होतो, हे त्या प्रकरणातून कळते.

आपल्याकडे संसदेने २०१८ मध्ये एक पाऊल टाकले. खासदारांचे वेतन दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप बदलेल अशी तरतूद झाली आणि त्यानुसार मार्च २०२५ मध्ये ते एक लाखावरून १ लाख २४ हजार झाले. स्वतःसाठी हात वर करण्याची वेळ टळली, एवढे त्यात चांगले झाले. पण मतदारसंघ भत्ता ७० हजारांचा ८७ हजार झाला तो सरसकट. दिल्लीच्या चांदणी चौकाला जेवढा तेवढाच नंदुरबारला. म्हणजे किती आणि केव्हा यांचे उत्तर सापडले, कशासाठी याचे नाही. अमेरिकेच्या घटनेतील सत्ताविसाव्या दुरुस्तीने केव्हा या प्रश्नाला आणखी नेमके उत्तर दिले आहे: सदस्यांच्या मोबदल्यातील बदल दरम्यान निवडणूक झाल्याशिवाय लागू होत नाही. ही दुरुस्ती १७८९ मध्ये मांडली गेली आणि १९९२ मध्ये संमत झाली. आपण एवढे थांबण्याचे कारण नाही.

राहिला तो आक्षेप, जो ऐकताना मला स्वतःला सर्वांत जास्त लागतो: आधी ग्रामसेवकाचे बघा, आशाताईचे बघा, मग आमदाराचे. एका तालुका कचेरीत मी बरीच वर्षे प्रवासभत्त्याची बिले तपासली आहेत. कर्मचाऱ्याच्या टीए बिलात निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, कामाचा तपशील हे सगळे लागते. एसटीचे तिकीट मागे चिकटवलेले असते, आणि मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आतला प्रवास असेल तर दैनिक भत्ता कापला जातो. एक रकाना रिकामा राहिला की बिल हरकतीसह परत. कार्यालयाच्या जीपचे लॉगबुक तर त्याहून कडक: निघतानाचे मीटर, आल्यावरचे मीटर, कोठून कोठे, कशासाठी, खाली अधिकाऱ्याची सही. रोजगार हमीच्या मजुराची गोष्ट आणखी पुढची आहे. १ जानेवारी २०२३ पासून त्याची हजेरी दिवसातून दोनदा ॲपवर, कामाच्या जागेच्या फोटोसह घेणे सक्तीचे झाले. सातपुड्यात मोबाइलला रेंज मिळत नाही, फोटो चढत नाही, आणि ज्याने दिवसभर घाम गाळला त्याची हजेरीच लागत नाही, हे तिथल्या कोणालाही विचारा. एका दिवसाच्या मजुरीसाठी मजुराचा दोनदा फोटो, आणि महिन्याच्या हजारो रुपयांच्या ठोक भत्त्यासाठी लोकप्रतिनिधीला एक ओळही लिहावी लागत नाही, ही विषमता कोणत्या न्यायाने टिकवायची?

म्हणून माझे म्हणणे असे, की ‘आधी कोणाचे’ हा झगडाच संपवावा. सरकारी कामासाठी प्रवास करणाऱ्या सर्वांचा, ग्रामसेवकापासून आमदारापर्यंत, किलोमीटरचा दर एकाच तक्त्यात असावा. वाहनाच्या प्रकाराप्रमाणे आणि डोंगरी भागाप्रमाणे दर वेगळा ठेवा, हुद्द्याप्रमाणे नको. धडगावच्या ग्रामसेवकाच्या मोटारसायकलला जो घाट चढावा लागतो तोच आमदाराच्या गाडीलाही चढावा लागतो. तक्ता एक असला की आमदाराचा दर वाढवताना ग्रामसेवकाचा वाढवावाच लागेल, आणि वर्षानुवर्षे तुटपुंज्या कायम प्रवासभत्त्यावर फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला सभागृहात २८८ वकील मिळतील. यात सरकारवर बोजा वाढेल हे मान्य. पण हा बोजा आजही आहे. तो फक्त त्या कर्मचाऱ्याच्या खिशावर टाकलेला आहे.

पावत्या आल्या की खोट्या पावत्याही येतील, असे कोणी म्हणेल. येतील. बिले तपासण्याचे काम केलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. न गेलेल्या गावचा दौरा कागदावर कसा उभा राहतो हे मी पाहिले आहे. कचेरीत बसलेला तपासनीस ते पकडू शकत नाही, कारण त्याच्यासमोर फक्त कागद असतो. गाव मात्र पकडू शकते. आमदार अमुक तारखेला आपल्या पाड्यावर आला होता की नाही, हे त्या पाड्याइतके कोणाला माहीत असणार? रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेत करण्याची तरतूद २००५ च्या केंद्रीय कायद्यात होती, आणि त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने सरकारी खर्चाची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. या दोन गोष्टी जोडल्या की तपासणीची व्यवस्था तयार होते. दर महिन्याची दौरा-दैनंदिनी आणि त्यापुढे मागितलेला खर्च तहसील कार्यालयाच्या फलकावर लागावा, संकेतस्थळावर चढावा, आणि ज्या गावाचे नाव त्यात असेल त्या ग्रामपंचायतीला त्याची प्रत जावी. गावाने हरकत घेतली तर ती रक्कम थांबावी. आमदाराला भेटायला येणाऱ्या माणसांची नावे गुप्त राहिली पाहिजेत हे खरे, कारण पोलिसांविरुद्ध किंवा ठेकेदाराविरुद्ध तक्रार घेऊन येणारा माणूस त्यामुळे अडचणीत येऊ शकतो; म्हणून दैनंदिनीत गाव आणि कारण एवढेच असावे, व्यक्ती नको.

हे व्हायला कायदा बदलण्याची वाट पाहायलाच हवी असेही नाही. खान्देशातल्या वीस आमदारांपैकी कोणीही उद्यापासून आपली दौरा-दैनंदिनी तालुक्याच्या फलकावर लावू शकतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. कायद्यासाठी मात्र अशासकीय विधेयक आणावे, त्यावर पूर्ण चर्चा व्हावी आणि मतदान नावानिशी नोंदले जावे. दर ठरवण्याचे काम विद्यमान सदस्य नसलेल्या समितीकडे जावे. त्यात लेखापरीक्षणाचा अनुभव असलेला माणूस असावा, कर्मचारी संघटनेचा प्रतिनिधी असावा आणि डोंगरी तालुक्यातली एखादी सरपंच असावी. दैनंदिनी आणि खर्च प्रसिद्ध करण्याचे बंधन विधेयक मंजूर झाल्या दिवसापासून लागू व्हावे, ठोक भत्ते त्याच दिवशी थांबावेत आणि त्यांच्या जागी कर्मचाऱ्यांना आज जो दर मिळतो त्याच दराने प्रत्यक्ष खर्च मिळावा. समितीने ठरवलेला वाढीव दर कर्मचाऱ्यांना लगेच मिळावा, आणि आमदारांना तो २०२९ मध्ये निवडून येणाऱ्या विधानसभेपासून.